तीन आकडे आणि तेरा मिनिटं: ईस्ट पॅलेस्टाईनच्या गाडीचं काय झालं

पिट्सबर्गजवळ राहणाऱ्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: त्यांच्या घरामागून मालगाड्यांचा रूळ जातो. ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री तिथून फार लांब नसलेल्या, ओहायो राज्यातल्या ईस्ट पॅलेस्टाईन गावात रसायनं नेणारी गाडी घसरली. तीन दिवसांनी तिच्यातलं विनाइल क्लोराइड मुद्दाम पेटवून दिलं गेलं. गाडी घसरली कशामुळे, रसायन का पेटवलं, असली रसायनं रेल्वेनं न्यावीतच का, आणि रुळाजवळ राहणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

ताई, माझी सगळी नोकरी मालडब्यांच्या देखभालीत, आमच्या बोलीत ‘सी अँड डब्ल्यू’मध्ये (कॅरेज अँड वॅगन विभागात) गेली. अमेरिकेच्या रेल्वेत मी काम केलेलं नाही. पण त्या रात्री जो भाग निकामी झाला, ते टेपर्ड रोलर बेअरिंग, म्हणजे ॲक्सलला निमुळत्या रोलरांवर फिरू देणारा भाग, आपल्याकडच्या मालडब्यांतही त्याच घाटाचं असतं. अशी बेअरिंगं मी धुतली आहेत, उघडली आहेत, जळून निळी पडलेली हातात घेतली आहेत. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

गाडी इलिनॉयमधल्या मॅडिसनहून पेनसिल्व्हेनियातल्या कॉनवे यार्डाकडे चालली होती. नॉरफोक सदर्न कंपनीची ही गाडी १४९ डब्यांची होती, लांबी जवळजवळ २.८ किलोमीटर आणि वजन सोळा हजार टनांच्या वर. इंजिनात तिघे होते: चालक, कंडक्टर आणि एक शिकाऊ कंडक्टर. इंजिनांमागचा तेविसावा डबा प्लास्टिकचे दाणे भरलेला हॉपर होता. रसायनाशी त्याचा काही संबंध नव्हता. त्या डब्याच्या एका ॲक्सलचं बेअरिंग तापायला लागलं आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

बेअरिंग तापतं म्हणजे काय होतं, ते सांगतो, कारण बातम्यांत हा भाग एका ओळीत उरकला जातो. ॲक्सलच्या टोकाला, चाकाच्या बाहेरच्या अंगाला, रोलरची दोन कडी बसवलेली असतात. आत ग्रीस असतं आणि दोन्ही बाजूंना सील. सील फाटलं, पाणी शिरलं, ग्रीस संपलं किंवा रोलर जागेवर धरणारा पत्रा तुटला की रोलर फिरायचे थांबून घासायला लागतात. घासलं की तापतं आणि तापलं की उरलेलं ग्रीस जळतं. मग आतली कडी ॲक्सलवर घट्ट न राहता स्वतंत्र फिरू लागते आणि ॲक्सलचं ते टोक लालबुंद होऊन मऊ पडतं. शेवटी पीळ बसून ते तुटतं, डब्याची बाजू खाली बसते आणि चाक रुळावर राहत नाही. सुरुवातीला हे सगळं सावकाश चालतं. शेवटचा टप्पा मात्र काही मिनिटांचा असतो. आमच्या कामातली खरी भीती तीच: जोवर वेळ असतो तोवर लक्षणं बारीक असतात, आणि लक्षणं ढळढळीत दिसू लागली की वेळ संपत आलेला असतो.

हे पकडण्यासाठी रुळाच्या कडेला तापमापक यंत्रं बसवलेली असतात. गाडी वरून जाताना प्रत्येक बेअरिंगच्या बाहेरच्या कवचाची उष्णता ती इन्फ्रारेडनं टिपतात आणि बाहेरच्या हवेपेक्षा ते किती जास्त तापलं आहे, तो फरक सांगतात. त्या रात्री हवा गोठणबिंदूच्या बरीच खाली होती. सेब्रिंगजवळच्या यंत्राला फरक दिसला ३८ अंश फॅरेनहाइट. पुढे सुमारे १७ किलोमीटरवर सेलमला तोच फरक १०३ होता. त्यानंतरचं यंत्र होतं सुमारे ३१ किलोमीटरवर, थेट ईस्ट पॅलेस्टाईनमध्ये, आणि तिथे आकडा आला २५३. आपल्या मापात हे फरक साधारण २१, ५७ आणि १४१ अंश सेल्सियस होतात.

कंपनीच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे चालकाला कळवण्याची पातळी १७० (फॅरेनहाइटमधला फरक) होती आणि ताबडतोब धोक्याची पातळी २००. सेलमचा १०३ दोन्हीच्या खाली राहिला. दूरच्या कार्यालयातल्या डेस्ककडे कमी महत्त्वाची सूचना म्हणून तो गेला. इंजिनातल्या तिघांपर्यंत पोचला नाही. २५३ वर मात्र इंजिनात अलार्म वाजला. चालक तेव्हा ब्रेक लावतच होता, त्यानं तो वाढवला, पण ॲक्सल तोवर गेलेलं होतं. ३८ डबे रुळावरून उतरले. त्यांतले ११ धोकादायक मालाचे होते.

३८ वरून १०३, तेही सतरा किलोमीटरमध्ये! हे दोन आकडे कुठल्याही अनुभवी फिटरपुढे शेजारीशेजारी ठेवले असते तर तो म्हणाला असता, गाडी थांबवा. १०३ हा आकडा एकटा पाहिला तर फार मोठा नाही. चढ किती वेगानं होतोय हे पाहायचं असतं, आणि नेमकं त्यावरून गाडी थांबवली गेली नाही. शिवाय बाहेरचं कवच आतल्या उष्णतेच्या मागे रेंगाळतं. यंत्रानं दाखवलेले आकडे बेअरिंगची खरी अवस्था सौम्य करून सांगत असावेत, असं तपास करणाऱ्या एनटीएसबीनं, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं, स्पष्ट म्हटलं आहे. सेलममधल्या एका सुरक्षा कॅमेऱ्यात त्याच गाडीखाली पेटलेला उजेड दिसतो. म्हणजे आग ईस्ट पॅलेस्टाईनच्या तीस किलोमीटर आधीपासून दिसण्याजोगी होती. कॅमेऱ्यानं पाहिलं, माणसानं नाही.

इथे माझी एक आठवण सांगायला हवी. नोकरीच्या सुरुवातीला एका लहान स्थानकावर माझी रात्रीची ड्यूटी होती. मालगाडी न थांबता जाणार होती. तिथले वयस्क पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे), आम्ही त्यांना मामा म्हणायचो, कंदील घेऊन फलाटाच्या कडेला उभे होते. अर्धी गाडी गेली आणि मामा ओरडले, “वास आला, वास आला!” त्यांनी हिरवा फिरवून लाल केला. गार्डानं तो पाहिला आणि गाडी थांबवली. मी टॉर्च घेऊन मागे चालत गेलो. मला आधी काहीच दिसेना. मग एका वॅगनशी ग्रीस जळाल्याचा वास आला. बेअरिंगच्या टोपीपाशी हात नेला तर दोन वीत अंतरावरूनच धग लागत होती. ती वॅगन गाडीतून सोडवून सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकली. बेअरिंग उघडल्यावर आतले रोलर निळे पडलेले, काही चपटे झालेले. मामांकडे कुठलंही यंत्र नव्हतं. पण त्यांनी पाहिलेलं आणि गाडी थांबवण्याचा त्यांचा अधिकार, यांच्यामध्ये दुसरं कुणी नव्हतं.

यावरून आपली रेल्वे श्रेष्ठ असं मी म्हणत नाही. आपल्या गाड्या लहान, स्थानकं जवळजवळ, म्हणून रुळाकडे पाहणारे डोळे जास्त. तेही आता कमी होत आहेत आणि त्यांची जागा यंत्रं घेत आहेत. यंत्राला माझा विरोध नाही. माणूस पेंगतो, यंत्र पेंगत नाही. पण यंत्रानं पाहिलेलं कुणाला सांगायचं आणि ऐकणाऱ्यानं काय करायचं हे आधी पक्कं ठरलेलं नसेल, तर ते नुसतं नोंद ठेवतं. अमेरिकेत तेव्हा ही यंत्रं किती अंतरावर असावीत आणि कुठल्या आकड्याला गाडी थांबवावी, याचा केंद्र सरकारचा एकही नियम नव्हता. सगळं कंपन्यांवर सोपवलेलं. अपघातानंतर महिनाभरात कंपन्यांच्या संघटनेनं स्वतःहून ठरवलं की मुख्य मार्गांवर सरासरी २४ किलोमीटरला एक यंत्र असेल आणि १७० ला गाडी थांबवली जाईल. बरं झालं. पण चढता कल ओळखण्याची समान पद्धत सगळ्यांनी पाळावी, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं.

आणि हे काही पहिल्यांदा घडलेलं नव्हतं. १० नोव्हेंबर १९७९ च्या रात्री कॅनडात टोरंटोजवळच्या मिसिसागा शहरात १०६ डब्यांची गाडी घसरली, तीही तापलेल्या बेअरिंगमुळेच. ते जुन्या पद्धतीचं, तेलावर चालणारं बेअरिंग होतं. प्रोपेनच्या टाक्यांचे स्फोट झाले, क्लोरीनची टाकी फुटली, दोन लाखांहून जास्त लोकांना शहर सोडावं लागलं. एकही माणूस दगावला नाही, याचं श्रेय वेळेवर झालेल्या स्थलांतराला आहे. मला हळहळ याची वाटते की कारण इतकं ओळखीचं असूनही त्रेचाळीस वर्षांनी तसाच अपघात झाला.

ब्रेकबद्दलही बरंच बोललं गेलं. विजेच्या संकेतावर एकदम लागणारे नवे ब्रेक सक्तीचे करण्याचा २०१५ चा नियम २०१८ मध्ये मागे घेतला गेला, हे खरं. पण ते ब्रेक असते तरी बेअरिंग जळायचं थांबलं नसतं. शिवाय तो नियम ज्या गाड्यांना लागू होणार होता त्यांच्या व्याख्येत ही गाडी बसतच नव्हती. तो ज्वलनशील द्रवाचे ७० किंवा जास्त भरलेले डबे असलेल्या गाड्यांसाठी होता. विनाइल क्लोराइड हा वायू, त्यामुळे तो त्या मोजणीतच येत नाही.

आता रसायनाकडे येतो. विनाइल क्लोराइडपासून पीव्हीसी बनतं. आपल्या घरातले पाण्याचे पाइप त्याचेच. उणे १३ अंशालाच ते उकळतं, म्हणून दाबाखाली द्रव करून जाड टाक्यांतून नेतात. ते अतिशय ज्वालाग्राही आहे आणि माणसात कर्करोग घडवतं, हे सिद्ध झालेलं आहे. गाडीत त्याच्या पाच टाक्या होत्या आणि पाचही घसरल्या. पण घसरताना त्यांतली एकही फुटली नाही. फुटल्या त्या शेजारच्या जुन्या बनावटीच्या, पातळ पत्र्याच्या, डॉट-१११ प्रकारच्या टाक्या. त्यांतले ज्वलनशील द्रव पेटले आणि त्या आगीनं विनाइल क्लोराइडच्या टाक्या बाहेरून भाजून काढल्या. डॉट-१११ टाक्या ज्वलनशील द्रवांच्या वाहतुकीतून काढण्याची मुदत २०२९ पर्यंत आहे. ती अलीकडे आणा, अशी शिफारस एनटीएसबीनं केली आहे. माझं मतही तेच. मजबूत टाकी आणि कमजोर टाकी एकाच गाडीत असतील तर मजबुतीचा हिशेब कमजोर टाकीवरून करावा लागतो.

आगीच्या जागी पोचलेले बहुतेक जण गावोगावचे स्वयंसेवी अग्निशामक होते. डब्यांवरचे धोक्याचे फलक प्लास्टिकचे, ते आगीत वितळले. कुठल्या डब्यात काय आहे ही यादी त्यांच्या हाती पडायला जवळपास तास गेला. तोवर ती माणसं कशावर पाणी मारतोय हे न कळता आगीजवळ उभी होती. हे वाचताना मला फार वाईट वाटलं. यादी इंजिनात असते, कंपनीच्या संगणकात असते, फक्त होज धरलेल्या माणसाकडे नव्हती. जून २०२४ मध्ये नियम झाला की अशा प्रसंगी रेल्वेनं ही माहिती तात्काळ, इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं द्यायची. या सगळ्या प्रकरणातली ही ठोस सुधारणा आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. विनाइल क्लोराइड तापलं आणि त्यात अभिक्रिया सुरू झाली तर ते टाकीतच आपोआप पीव्हीसी बनू लागतं. त्यातून आणखी उष्णता निघते, दाब वाढतो आणि टाकी फुटून तिचे तुकडे दूरवर उडू शकतात. कंपनीच्या कंत्राटदारांना तीच भीती वाटली. त्यावरचा त्यांचा उपाय म्हणजे टाक्यांना लहान स्फोटकांनी भोकं पाडायची, द्रव खड्ड्यात उतरवायचा आणि जाळायचा. ६ फेब्रुवारीच्या दुपारी पाचही टाक्यांचं तसं केलं. गावावर उभा राहिलेला तो काळा ढग तुम्ही पाहिला असेल. हे जळताना मुख्यतः हायड्रोजन क्लोराइड तयार होतं, म्हणजे ओल लागली की हायड्रोक्लोरिक आम्ल. थोडं फॉस्जीनही होतं, जे पहिल्या महायुद्धात विषारी वायू म्हणून वापरलं गेलं.

हा निर्णय गरजेचा होता का? नव्हता, असा निष्कर्ष एनटीएसबीनं २५ जून २०२४ ला ईस्ट पॅलेस्टाईनमध्येच भरवलेल्या बैठकीत जाहीर केला. टाकीचं तापमान वाढत नव्हतं, उतरत होतं. अभिक्रिया सुरू असती तर ते चढलं असतं. रसायन बनवणाऱ्या कंपनीचे तज्ज्ञ तिथे हजर होते आणि अभिक्रिया होत नाहीये असं त्यांचं मत होतं. पण ज्यांच्या हातात निर्णय होता त्या स्थानिक अग्निशमन प्रमुखांपर्यंत ते मत पोचवलंच गेलं नाही. तेरा मिनिटांत ठरवा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्याच उत्पादक कंपनीच्या सुरक्षा माहितीपत्रकात या अभिक्रियेचा धोका अशा शब्दांत लिहिलेला होता की गोंधळात भर पडली, हेही तितकंच खरं. आपल्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, असं रेल्वे कंपनीचं म्हणणं राहिलं.

मी त्या जागी असतो तर काय केलं असतं, याचा खूप विचार केला. तेरा मिनिटं हातात, समोर तज्ज्ञ म्हणवणारे सांगताहेत की टाकी फुटेल, मागे साडेचार हजारांहून जास्त वस्तीचं गाव. मीही बहुधा हो म्हटलं असतं. म्हणून मी त्या अग्निशमन प्रमुखांना दोष देत नाही. त्यांच्या कानापर्यंत काय जाऊ द्यायचं हे ज्यांनी ठरवलं, त्यांना प्रश्न विचारायला हवेत. सेलमचा १०३ चालकापर्यंत गेला नाही आणि रसायनवाल्यांचं मत अग्निशमन प्रमुखांपर्यंत गेलं नाही. दोन्ही वेळा माहिती जागेवर होती. ज्याला तिच्यावरून पाऊल उचलायचं होतं, त्याच्याकडे नव्हती.

८ फेब्रुवारीला स्थलांतराचा आदेश उठला आणि गाड्या लगोलग सुरूही झाल्या. पण रुळाखालची माती दूषितच होती. नंतर तेच रूळ उचलून ती खणून काढावी लागली. ओढ्यांमध्ये हजारो मासे मेले. डोकेदुखी, पुरळ, घसा जळणं अशा तक्रारी लोक पुढे बरेच दिवस करत राहिले. नॉरफोक सदर्ननं रहिवाशांच्या सामूहिक दाव्यात ६० कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, केंद्र सरकारशीही ३१ कोटींहून अधिकची वेगळी तडजोड झाली. ओहायोच्या दोन्ही पक्षांच्या सिनेटरांनी, शेरॉड ब्राउन आणि जे. डी. व्हान्स यांनी, मिळून आणलेलं रेल्वे सुरक्षा विधेयक अमेरिकी संसदेच्या त्या कार्यकाळात मंजूर झालं नाही. दोन विरोधी पक्ष एकत्र येऊनही ते अडलं, याचं मला दुःख आहे.

ही रसायनं रेल्वेनं न्यावीतच का? माझं उत्तर: न्यायची असतील तर रेल्वेनंच. १३ जून २०२३ ला मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ रसायनाच्या टँकरनं पेट घेतला आणि चार जण गेले. ते चारही जण त्या टँकरमध्येच होते असं नाही, काही जण खालच्या रस्त्यावरून जात होते. एका मालगाडीतला माल रस्त्यानं न्यायचा तर शेकडो टँकर लागतील, तेही घाटांतून, दुचाकींच्या गर्दीतून. अमेरिकेत तर रेल्वे कंपनीला असा माल नाकारण्याची कायद्यानं मुभाच नाही. म्हणून भांडण रेल्वेशी नको, रेल्वे कशी चालवली जाते त्याच्याशी हवं: यंत्रं किती अंतरावर आहेत, डबा तपासायला माणसाला किती मिनिटं मिळतात, टाक्या कुठल्या काळातल्या आहेत.

शेवटी तुमच्या घरापुरतं. टाकीच्या अंगावर चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखा फलक असतो, त्यावर चार आकडे असतात. १०८६ म्हणजे विनाइल क्लोराइड, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया, १०७५ एलपीजी. अपघातानंतर ते वाचायला जवळ जाऊ नका. दुरून दिसले, दुर्बिणीतून किंवा फोन झूम करून, तर ९११ ला सांगा. वारा कुठून येतोय ते पाहा आणि त्याच्या आडव्या दिशेनं, चढाकडे निघा. तुमच्याकडे वादळाचा इशारा आला की बेसमेंटमध्ये जायची सवय असते. इथे ते करू नका. विनाइल क्लोराइड आणि क्लोरीन दोन्ही हवेपेक्षा जड, ते खाली साचतात. घरातच थांबायला सांगितलं तर वरच्या मजल्यावर जा, खिडक्या लावा, फर्नेस आणि एसीचा पंखा बंद करा.

आणखी एक. तुमच्या जवळच्या रेल्वे क्रॉसिंगवर एक लहान निळा फलक असतो. त्यावर रेल्वेचा फोन नंबर आणि त्या क्रॉसिंगचा क्रमांक लिहिलेला असतो. आज जाऊन त्याचा फोटो काढून ठेवा. रात्री जाणाऱ्या गाडीच्या चाकाशी आग, ठिणग्या किंवा धूर दिसला, किंवा ग्रीस जळाल्याचा उग्र वास आला, तर आपलं काय काम म्हणून थांबू नका. त्या नंबरवर फोन लावा आणि क्रॉसिंगचा क्रमांक, गाडी कुठल्या दिशेला गेली आणि इंजिनापासून साधारण कितवा डबा होता, एवढं सांगा.